अर्ज पडून आहे आणि ‘भारत सोडा’ नोटीस हातात आली: आता काय?

प्रश्न पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांचा आहे. त्यांच्या वरच्या मजल्यावर चार वर्षं येमेनचा एक मुलगा भाड्याने राहतो. शिक्षण संपलं, व्हिसा संपला, वाढवून मिळाला नाही. त्याचं गाव हूथी बंडखोरांच्या ताब्यात आहे, परत गेला तर हातात बंदूक तरी देतील नाहीतर तुरुंगात तरी टाकतील, असं तो म्हणतो. दिल्लीच्या यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यालयाकडे, त्याने आश्रयासाठी नाव नोंदवलंय, पण मुलाखत अजून झालेली नाही. आणि मागच्या आठवड्यात नोटीस आली, भारत सोडा. “अर्ज बघायच्या आधीच त्याला विमानात बसवतील का? आणि आम्ही काय करावं?”

परदेशी नागरिकांच्या केसेस मी एकोणीस वर्षं चालवते आहे, बहुतेक मुंबई हायकोर्टात. त्यामुळे खोटा धीर देत नाही. हो, बसवू शकतात. मात्र थांबवताही येतं, आणि ते बरेचदा थांबतं. थांबण्या-न थांबण्यातला फरक कायद्याच्या कलमापेक्षा एखाद्या तारखेच्या शिक्क्यावर ठरतो, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आपल्याकडे आश्रयाचा कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासितांबाबतच्या करारावर भारताने सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत लोटायचं नाही, हे त्या कराराचं ३३ वं कलम. ते आपल्या सरकारला थेट बांधत नाही. पूर्वी १९४६ चा परदेशी नागरिक कायदा होता. तो जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. नव्यातही आश्रय मागणाऱ्यासाठी वेगळी वाट ठेवलेली नाही. कायद्याच्या डोळ्याला तुमचा भाडेकरू म्हणजे व्हिसा संपूनही राहिलेला परदेशी, एवढंच दिसतं. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्याखाली काढलेल्या एका आदेशाने अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या तिथल्या अल्पसंख्याकांना आणि नोंदणी झालेल्या श्रीलंकेच्या तमिळांना सूट दिली आहे. येमेन त्यात नाही.

मग थांबतं कशाच्या जोरावर? जीव आणि व्यक्तिस्वातंत्र्य सांभाळणाऱ्या घटनेच्या २१ व्या कलमाच्या. त्यात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. एवढ्या एका शब्दावर आम्हा लोकांची निम्मी वकिली उभी आहे.

१९९२ मध्ये अंदमानात अडकलेल्या ब्रह्मदेशी नागरिकांना परत पाठवायचं चाललं होतं. सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं. का, तर त्यांचा निर्वासित असल्याचा दावा तपासायचा बाकी होता. आदेश जेमतेम काही ओळींचा, पण तुमच्या प्रश्नाचं सर्वात सरळ उत्तर त्यात आहे. १९९६ मध्ये अरुणाचलात आसरा घेतलेल्या चकमा लोकांच्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं की माणूस नागरिक असो नसो, त्याचा जीव सांभाळणं राज्याचं काम आहे. १९९८ मध्ये भूजला डांबून ठेवलेल्या दोन इराकींबाबत गुजरात हायकोर्टाने परत न लोटण्याचं हे तत्त्व २१ व्या कलमातच वाचलं. अट एकच, त्यांच्या राहण्याने कायदा-सुव्यवस्थेला आणि देशाच्या सुरक्षेला धोका नसावा.

माझं आवडतं प्रकरण मात्र मणिपूरचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. सात जण, त्यांत पत्रकार, सीमा ओलांडून मोरेह गावात लपून बसले. कागद काही नाहीत. यूएनएचसीआर दिल्लीत, आणि मोरेहहून दिल्लीला निघायचं तर वाटेत पहिल्याच नाक्यावर पकडले जाणार. म्हणजे अर्ज करायला जाण्याच्या वाटेवरच परत पाठवणी. ३ मे २०२१ ला मणिपूर हायकोर्टाने त्यांना दिल्लीला सुखरूप जाऊ द्या, असा आदेश दिला. कोर्टाने त्यांना निर्वासित ठरवलं नाही, ते आपलं काम नाही हे कोर्टाला माहीत होतं. हे घुसखोर नसून आश्रय मागायला आलेले लोक आहेत, त्यांचं म्हणणं ऐकू शकेल अशा दारापर्यंत त्यांना जाऊ द्या, एवढंच कोर्ट म्हणालं. संरक्षण म्हणजे नेमकं एवढंच असतं.

आता दुसरी बाजू. ती न सांगणारा वकील तुम्हाला भेटला तर त्याची फी आगाऊ देऊ नका. १९५५ मध्येच सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. १९९१ मध्ये एक बेल्जियन धर्मगुरू कोर्टात गेले, १९३७ पासून भारतात राहिलेले. त्यांनाही सांगितलं गेलं की जिवाचं आणि स्वातंत्र्याचं संरक्षण आहे, पण इथे राहण्याचा हक्क फक्त नागरिकाला. म्हणणं ऐकून कसं घ्यायचं याचा एकच ठरलेला नियम नाही, हेही त्याच निकालात. ८ एप्रिल २०२१ ला म्यानमारमधून आलेल्या जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात आपल्या नागपूरच्या, तेव्हा सरन्यायाधीश असलेल्या शरद बोबड्यांच्या अध्यक्षतेखालच्या खंडपीठाने अंतरिम दिलासा नाकारला. समानतेचं कलम १४ आणि जिवाचं २१ सर्वांना आहे, मात्र देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य देणाऱ्या कलम १९ ला चिकटलेला आहे आणि ते कलम नागरिकांचंच, असा तो तर्क. मला तो पटत नाही. हातपाय बांधून आगीत टाकू नका म्हणणारा माणूस घरात खोली मागत नसतो. पण मला पटो न पटो, सरकारी वकील तो आदेश पहिल्या मिनिटाला वाचून दाखवतात. मे २०२५ मध्ये श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाच्या अर्जावर भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे, असंही सुप्रीम कोर्टातून ऐकायला मिळालं. तो माणूस दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा भोगलेला होता, हे बातमी पुढे पाठवणारे सहसा सांगत नाहीत.

तरी त्या रोहिंग्यांच्या आदेशाची शेवटची ओळ आम्ही सगळेच जपून ठेवतो. ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांना परत पाठवू नये, असं कोर्टाने लिहिलंय. दार बंद करताना फट राहिली म्हणा, किंवा ठेवली म्हणा.

ती कार्यपद्धती कुठली? केंद्रीय गृहखात्याने २९ डिसेंबर २०११ ला राज्यांना एक पत्रक पाठवलं आणि २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती केली. आपण निर्वासित आहोत असं सांगणाऱ्या परदेशी माणसाचं काय करायचं, ते त्यात आहे. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची साधार भीती आहे असं प्रथमदर्शनी दिसलं, तर त्याने दावा केल्यापासून तीस दिवसांत दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी गृहखात्याकडे शिफारस करायची. मिळाला तर खासगी नोकरीही करता येते. दिसायला साधं पत्रक, पण अख्ख्या देशात ‘आधी तपासा’ असं सरकारनेच सरकारला सांगणारा कागद हाच. तीस दिवस मोजायला सुरुवात होते ‘दावा केल्यापासून’. तोंडी केलेला दावा कोणत्या दिवशी केला हे कोण सांगणार? म्हणून मुलाने स्थानिक परदेशी नोंदणी कार्यालयाला लेखी अर्ज द्यायला हवा. यूएनएचसीआरकडे नोंदणी केली म्हणजे सरकारकडे दावा केला, असं होत नाही. ही चूक दहातले आठ जण करतात आणि नोटीस आल्यावर आमच्याकडे येतात.

माझी एक जुनी केस सांगते. सुदानचा मुलगा. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास त्याच्या मित्राचा फोन आला: त्याला सकाळपासून एका पोलीस ठाण्यात बसवून ठेवलंय आणि रविवारी पहाटेचं तिकीट निघालंय. वकालतनाम्यावर सही घ्यायला ज्युनिअरला धाडलं, तर तिला आत सोडेनात. मग मित्रालाच अर्जदार केलं. हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याची याचिका, कोणीही हितचिंतक करू शकतो. चार पानं टाइप केली, प्रेसिपी, म्हणजे तातडीने ऐकण्याची लेखी विनंती, टाकली आणि कोर्ट उठायच्या बेतात असताना मेन्शन केलं. सरकारी वकील सज्जन गृहस्थ. उठून म्हणाले, मी सूचना घेतो, तोवर काही होणार नाही. बेंच मान डोलावून पुढच्या कामाकडे वळायला लागला.

तिथे मी आडवी पडले. म्हटलं, मिलॉर्ड, हे विधान रेकॉर्डवर घ्यावं.

ही सवय मला लंडनच्या एका खटल्याने लावली. १ मे १९९१. झाईरचा, म्हणजे आजच्या काँगोचा, एक शिक्षक, निकालात त्याचं नाव फक्त ‘एम’. त्याचा आश्रयाचा दावा फेटाळला गेला होता. संध्याकाळी नव्या वकिलांनी नव्या मुद्द्यांवर न्यायमूर्तींपुढे धाव घेतली, विमान त्याच संध्याकाळचं. न्यायमूर्तींना वाटलं, सरकारी वकिलांनी त्याला थांबवून ठेवण्याची हमी दिली. सरकारी वकिलांना वाटलं, आपण तशी हमी दिलेलीच नाही. एम पॅरिसमार्गे किन्शासाला, झाईरच्या राजधानीला, निघालासुद्धा. रात्री उशिरा न्यायमूर्तींनी त्याला परत आणायचा आदेश दिला. त्याच्या परतीची व्यवस्थाही झाली, आणि दुसऱ्या दिवशी गृहमंत्र्यांनी ती रद्द केली. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, गृहमंत्रिपदावर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका ठेवला. तिथल्या घटनात्मक कायद्यात हा फार मोठा निकाल मानतात. एमला त्याचा काय उपयोग?

आमच्या सुदानी मुलाच्या बाबतीत ओळ टाइप झाली: पुढील तारखेपर्यंत अर्जदाराच्या मित्रास देशाबाहेर पाठवले जाणार नाही, हे विधान स्वीकारण्यात येते. त्याखाली, सर्वांनी या आदेशाच्या ऑथेंटिकेटेड कॉपीवर अंमल करावा. ती कॉपी शिक्क्यासह हातात पडायला सव्वासहा वाजले. ज्युनिअर लोकलने ठाण्यात गेली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन आली: सही, बक्कल नंबर, वेळ रात्री ८.१०. रविवारचं विमान त्याच्याविना गेलं.

सोमवारी कागद पाहिले तेव्हा त्यात त्याचा जबाब होता. मराठीत टाइप केलेला, शुद्ध सरकारी मराठी: ‘मी माझ्या मायदेशी स्वखुशीने जाण्यास तयार असून माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही.’ खाली त्याची सही, अरबीत, उजवीकडून डावीकडे. दुभाष्याचं नाव नाही. त्याला विचारलं, यात काय लिहिलंय? म्हणाला, जेवण मिळाल्याची पावती आहे असं सांगितलं होतं.

तुमच्या मुलाला हे पाठ करून घ्या. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नाही. करावीच लागली तर सहीच्या वर स्वतःच्या भाषेत लिहायचं: ‘मला हे वाचता येत नाही, मला परत जायची भीती वाटते.’ भीती हा शब्द कुठल्याही भाषेत चालेल, पण कागदावर हवा.

इतर देशांत हे कसं करतात, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट तिथूनच नीट कळते. फ्रान्समध्ये विमानतळावरच्या प्रतीक्षा-क्षेत्रातून एका इरिट्रियन माणसाला परत पाठवायचं होतं. दाद मागायची सोय होती, पण दाद मागितली म्हणून विमान थांबत नव्हतं. २००७ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने म्हटलं की अशी दाद खरी दादच नव्हे. जिथे छळाची भीती आहे तिथे दाद मागताक्षणी पाठवणी आपोआप थांबली पाहिजे. आपल्याकडे ‘आपोआप’ काहीच थांबत नाही. प्रत्येक वेळी स्टे मागावा लागतो, प्रत्येक वेळी बेंच वेगळा. जो वकील नेमाल त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, याचिका कधी दाखल होईल हे नको, ॲड-इंटरिम, म्हणजे पूर्ण सुनावणीआधीची तातडीची तात्पुरती स्थगिती, कधी मागणार ते सांगा.

त्याच न्यायालयाचं तुर्कस्तानातल्या एका इराणी बाईचं २००० सालचं प्रकरणही लक्षात ठेवा. देशात आल्यापासून पाच दिवसांत अर्ज केला नाही म्हणून तिचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. दगडांनी ठेचून मारतील या भीतीने ती पळाली होती आणि यूएनएचसीआरने तिला निर्वासित मानलंही होतं. मुदत चुकली म्हणून धोका तपासायचाच नाही हे चालणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या मुलाला विचारला जाणारा प्रश्न हाच असेल: चार वर्षं इथे होतास, मग व्हिसा संपल्यावरच भीती कशी आठवली? उत्तर प्रामाणिक असू द्या. व्हिसा होता तोवर आश्रय मागायची गरजच नव्हती, हे उत्तर पुरतं. गावातल्या कोणाला उचललं, कधी उचललं, कोणी निरोप पाठवला, ते तारखांसह लिहून काढायला सांगा. गोष्ट रंगवायची नाही. रंगवलेली गोष्ट मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला सांडते, हे मी अनेकदा पाहिलंय.

वकिलातीबद्दल, म्हणजे त्याच्या देशाच्या दूतावासाबद्दल, एक सावधगिरी. परत पाठवायचं तर पासपोर्ट किंवा प्रवासाचा कागद लागतो, म्हणून ओळख पटवायला यंत्रणा वकिलातीकडे जाते. ४ ऑक्टोबर २०१८ ला आसाममधून ज्या सात रोहिंग्यांना म्यानमारच्या ताब्यात दिलं, तिथे त्यांच्या देशाने ओळख पटवली हेच सरकारचं मुख्य म्हणणं होतं. सुप्रीम कोर्टाने त्याच सकाळी हस्तक्षेप करायला नकार दिला. ज्याला आपल्या सरकारचीच भीती आहे त्याने वकिलातीत फेऱ्या मारल्या तर त्याचा दावाच पातळ होतो. येमेनचं जरा वेगळं आहे. दिल्लीतली वकिलात हूथींची नव्हे, मान्यताप्राप्त सरकारची. तेव्हा पासपोर्टसाठी तिथे जाणं लगेच अंगाशी येणार नाही, तरी वकिलाला विचारल्याशिवाय नको. आणि आश्रय मागितल्याचं तिथे बोलायचं नाही.

“पण तपासायला वेळ दिला तर घुसखोरांचं फावेल ना?” हे वाक्य मला घरच्या जेवणाच्या टेबलावरही ऐकावं लागतं. त्यावर मी आता निर्वासितांचं उदाहरण देतच नाही, भारतीयांचं देते. जून २०२५ मध्ये मीरा रोडकडे काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या मजुराला बांगलादेशी समजून पकडलं आणि सीमेपलीकडे ढकललं. तो भारतीय निघाला, परत आणावा लागला. त्याच महिन्यात दिल्लीतून एका गरोदर बाईला कुटुंबासह असंच पाठवलं. कलकत्ता हायकोर्टाने सप्टेंबरमध्ये ते घाईने केलेलं आणि बेकायदा ठरवून परत आणायचा आदेश दिला, ती डिसेंबरमध्ये परत आली. गृहखात्याच्याच सूचनेप्रमाणे आधी तीस दिवस चौकशी व्हायला हवी होती. तपासणी फक्त परक्याला वाचवते असं कोणी समजू नये.

आता तुमचं काम. नोटिशीवर किती दिवस दिलेत ते पाहा आणि त्यातले किती गेले ते मोजा. परदेशी नोंदणी कार्यालयाला लेखी अर्ज, त्यात २०११ च्या पत्रकाचा उल्लेख, सोबत यूएनएचसीआरच्या नोंदणीचा कागद. प्रत्यक्ष नेऊन पोच घ्यायची, शिवाय ईमेल आणि स्पीड पोस्ट. त्याच दिवशी यूएनएचसीआरला नोटिशीची प्रत पाठवून मुलाखत लवकर घ्या म्हणायचं. परत पाठवण्याची वेळ आलेल्यांचं ते आधी पाहतात, पण त्यांना कळायला तर हवं. याचिकेचा मसुदा तयार ठेवायचा, वकालतनाम्यावर सही आजच, कारण उद्या ज्युनिअरला आत सोडतील की नाही सांगता येत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिथेही शब्द ‘नागरिक’ नाही. पकडून नेलं तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायला हवं. नेलं तर तिथेही ‘मला परत जायची भीती वाटते’ हेच वाक्य बोलायचं, आणि ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या नोंदीत, आलं का ते पाहायचं.

त्याला लपवू नका. कळवळा येतो, पण दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे पाठवून दिलं की कोर्टात ‘फरार’ हा शब्द येतो आणि मग माझ्यासारखीला बोलायला काही उरत नाही. भाडेकरू परदेशी असला की घरमालकाने भरायची ती माहिती, जिला सगळे फॉर्म सी म्हणतात, ती चार वर्षांपूर्वी भरली होती का ते शोधा. नसेल भरली तर ते आधी वकिलाला सांगा, समोरच्याने सांगण्यापूर्वी.

कोर्ट स्टे देताना बहुधा अट घालतं: ठरल्या पत्त्यावर राहायचं, आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी. तिथे तुमचा उपयोग आहे. ‘हा माझ्या घरी राहतो, मी याला चार वर्षं ओळखतो, तारखेला हजर राहील’ असं ॲफिडेव्हिट घरमालकाने केलं की बेंचचा सूर बदलताना मी पाहिलाय. त्याला घराचा पुरावा जोडावा लागेल. भाडेकरार आणि शेवटच्या तीन महिन्यांचं लाइट बिल काढून ठेवा.